ठमीचं नाक आणि फुस्स होणारा बंब

थंडी पडली होती.

कसली थंडी म्हणता? कोंबड्यानं सकाळी बांग दिली, तर 'कुकूच' तेवढं बाहेर पडलं. 'कू' चोचीतच गोठलं! बिचारा चोच उघडी टाकून कुंपणावर बसून राहिला. खोटं वाटतं? कोंबड्याला विचारा. पण आत्ता नको. आत्ता त्याला बोलता येत नाही.

अशा थंडीत परसातून एक रांग चालली होती.

तुरूतुरू चिक्! तुरूतुरू चिक्!

चिचुंद्र्यांची रांग. सगळ्यात पुढे आई. आईचं शेपूट ताईच्या तोंडात. ताईचं शेपूट दादाच्या तोंडात. दादाचं शेपूट ठमीच्या तोंडात. आणि ठमीचं शेपूट? ते कुणाच्याच तोंडात नाही. कारण ठमी सगळ्यात धाकटी. शेंगदाण्याएवढी. तोही सोललेला.

चिचुंद्र्या अशाच चालतात, बरं का. डोळे त्यांचे नावालाच. सगळा कारभार नाकावर. नाक म्हणेल ती वाट. नाक म्हणेल ती आई.

रांग शिरली न्हाणीघरात. न्हाणीघरात होता बंब. तांब्याचा, ढेरपोट्या, लालबुंद. पोटात पाणी. पाण्याच्या मधोमध नळकांडं. नळकांड्यात जाळ. बुडाला भोकं, तिथून वारा आत शिरायचा. वर तोंड, तिथून धूर बाहेर पडायचा. आणि कडेच्या झाकणातून मऊ मऊ वाफ यायची. रोज सकाळी बंब गुणगुणायचा, गुणगुण गुणगुण. रोज सकाळी चिचुंद्र्या त्याच्याजवळ शेकत बसायच्या.

पण आज काय झालं?

भक्क... भक्क... फुस्स!

बंब विझला. एकदम विझला. धूर वर जाईना. धूर न्हाणीघरभर. धूर ठमीच्या नाकात.

आ... आ... आक्छी!

शिंकताना तोंड उघडतं. ठमीचंही उघडलं. आणि दादाचं शेपूट सुटलं!

धुरात पुढे कुणी दिसेना. ठमीनं नाक वर केलं. सुर्र! वास येईना. नाक खाली केलं. सुर्र! वास येईना. नाक गच्च मिटलं होतं. आईचा वास नाही. ताईचा नाही. दादाचा तर नाहीच नाही.

"आई! कुठे आहेस?" ठमी म्हणाली.

पण ते असं ऐकू आलं, जसं कुणी नाक चिमटीत धरून बोलतंय. म्हणून ही गोष्ट वाचणाऱ्यानं आता आपलं नाक चिमटीत धरावं. हो, आत्ता! ठमी बोलेल तेव्हा नाक धरूनच वाचायचं. नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही.

धरलं? घट्ट? मग चला.

ठमीला आठवलं. आई नेहमी म्हणते, "नाक मिटलं की वाफेजवळ बसावं. वाफेनं नाक उघडतं."

ठमी बंबाजवळ गेली.

"बंबोबा बंबोबा, तापा ना. तुम्ही तापाल तर वाफ येईल. वाफ येईल तर नाक उघडेल. नाक उघडेल तर आई सापडेल!"

बंब म्हणाला, "उंम् उंम् उंम्."

"रुसलात का?"

"उंम् उंम् उंम्!"

"मग बोला ना नीट!"

"उंम्!"

ठमी गोंधळली. बंबोबाला आज झालंय काय?

तेवढ्यात खालून आवाज आला. "त्याला काय विचारतेस? मला विचार."

ठमीला दिसला एक लाल लाल ठिपका.

"आई! तुझा डोळा इतका लाल का झाला?"

"आई कुठली? मी जाळ! म्हणजे मघाशी जाळ होतो. आता नुसता निखारा उरलोय."

"जाळा रे जाळा, पेट ना. तू पेटशील तर बंब तापेल. बंब तापेल तर वाफ येईल. वाफ येईल तर नाक उघडेल. नाक उघडेल तर आई सापडेल!"

जाळ म्हणाला, "मी पेटतो गं. भक्क करून पेटतो. पण लगेच जीव गुदमरतो. मग फुस्स! वारा शिरेल तर मी पेटेन."

दारातून बाबा ओरडले, "मालन, पाणी तापलं का गं?" हे घरातल्या बाळाचे बाबा, पंचा गुंडाळून उभे होते. कुडकुड कुडकुड.

अंगणातून त्यांची बहीण, बाळाची मालनआत्या, ओरडली, "नाही रे अण्णा!"

इकडे की तिकडे? तिकडे की इकडे? ठमी निघाली.

तुरूतुरू चिक्! तुरूतुरू चिक्! आणि नाकात सुर्र!

परसात दोरीवर बाळाची झबली वाळत होती. एका झबल्याची नाडी खाली लोंबत होती. हलत होती. टप टप, टप टप. ठमीनं ती तोंडात धरली.

"दादा! सापडलास!"

नाडी सुटली आणि फड्फड् वर गेली.

"दादा कुठला? मी वारा! झबल्यांशी खेळतोय."

"वाऱ्या रे वाऱ्या, शिर ना. तू शिरशील तर जाळ पेटेल. जाळ पेटेल तर बंब तापेल. बंब तापेल तर वाफ येईल. वाफ येईल तर नाक उघडेल. नाक उघडेल तर आई सापडेल!"

वारा म्हणाला, "सूं सूं! मी काय सकाळपासून प्रयत्न केला नाही? पण बंबाची भोकं बंद! राख बसलीये त्यांच्यावर, फतकल मारून. राख सरेल तर मी शिरेन."

ठमी परत फिरली.

तुरूतुरू चिक्! तुरूतुरू चिक्! आणि नाकात सुर्र!

बंबाच्या बुडाशी काहीतरी मऊ मऊ होतं. थोडं थोडं उबदार होतं.

"आईचं पोट!" ठमी म्हणाली. आणि तिनं डोकं आत खुपसलं.

भुस्स!

ठमी पांढरी झाली. शेंगदाण्याला पीठ लावल्यासारखी. आणि नाक? आधीपेक्षा गच्च!

"पोट कुठलं? मी राख," राख आळसावून म्हणाली. "हळू गं बाई. उडतात माझे कण."

"राखे गं राखे, सर ना. तू सरशील तर वारा शिरेल. वारा शिरेल तर जाळ पेटेल. जाळ पेटेल तर बंब तापेल. बंब तापेल तर वाफ येईल. वाफ येईल तर नाक उघडेल. नाक उघडेल तर आई सापडेल!"

राखेनं जांभई दिली. "मी बसले की बसले. आपणहून उठायची मला सवय नाही. सळई ढोसेल तर मी सरेन."

दारातून बाबा ओरडले, "मालन, पाणी तापलं का गं?" कुडकुड कुडकुड.

अंगणातून आत्या ओरडली, "नाही रे अण्णा! विझलाय मेला पुन्हा!"

इकडे की तिकडे? तिकडे की इकडे? सळई म्हणजे काय, तेही ठमीला ठाऊक नव्हतं. तरी निघाली.

तुरूतुरू चिक्! तुरूतुरू चिक्! आणि नाकात सुर्र!

दाराच्या मागे काहीतरी बारीक होतं. लांब होतं. खाली निमुळतं होतं.

"दादाचं शेपूट!" ठमीनं कपकन तोंडात धरलं. "दादा, किती गार पडलास रे! आणि इतका कडक?"

तिनं ओढलं. खण्! खणण्! खणणण्! शेपूट धाडकन आडवं पडलं.

"दादा कुठला? मी सळई! लोखंडाची सळई. दात मोडतील तुझे."

"सळई गं सळई, ढोस ना. तू ढोसशील तर राख सरेल. राख सरेल तर वारा शिरेल. वारा शिरेल तर जाळ पेटेल. जाळ पेटेल तर बंब तापेल. बंब तापेल तर वाफ येईल. वाफ येईल तर नाक उघडेल. नाक उघडेल तर आई सापडेल!"

सळई म्हणाली, "मला काय हात आहेत? का पाय आहेत? रोज आत्या उठते, मला उचलते, तेव्हा मी ढोसते. आज ती उठलीच नाही. आत्या उठेल तर मी ढोसेन."

"आत्या कुठे असते?"

"जिथून ओरडते तिथे."

हे मात्र सोपं होतं.

तुरूतुरू चिक्! तुरूतुरू चिक्! आणि नाकात सुर्र!

मालनआत्या अंगणात उन्हाला बसली होती. पाय लांब केलेले. पायांवर बाळ पालथं. बाळाला रोज असं पायांवर घ्यायचं, कोमट तेल चोळायचं, मग ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं. पण आज तेल नाही, पाणी नाही. नुसतं रडणं.

ट्यँहा! ट्यँहा!

आत्याच्या पाठीवर वेणी लोंबत होती. ठमीनं ती धरली.

"दादा! एवढा जाड कधी झालास?" आणि जोरात ओढलं.

"अगं आई गं! माझी वेणी!" आत्यानं मान वळवली. "कोण गं तू? पिठात पडलेली मुंगी?"

"मी ठमी. चिचुंद्री."

"तरीच! काय हा वास!" आत्यानं पदर नाकाला लावला.

"तुम्हाला माझा वास येतो?" ठमी म्हणाली. "मजा आहे बाई तुमची. मला कुणाचाच येत नाही."

आत्याचा पदर हळूच खाली आला. "अगोबाई. मग आता?"

"आत्या अहो आत्या, उठा ना. तुम्ही उठाल तर सळई ढोसेल. सळई ढोसेल तर राख सरेल. राख सरेल तर वारा शिरेल. वारा शिरेल तर जाळ पेटेल. जाळ पेटेल तर बंब तापेल. बंब तापेल तर वाफ येईल. वाफ येईल तर नाक उघडेल. नाक उघडेल तर आई सापडेल!"

"उठू कशी गं?" आत्या म्हणाली. "पायांवर हे रडूबाई! रडतं बाळ खाली टाकून उठायचं नसतं. बाळ हसेल तर मी उठेन."

ठमी पुढे गेली. फार लांब नाही. आत्याच्या पायावरून दोन उड्या.

समोर काहीतरी गोल होतं. गुलाबी होतं. हलत होतं.

"आईचं नाक!" ठमी म्हणाली. आणि तिनं आपलं नाक त्याला घासलं.

ते नाक नव्हतं. बाळाचा अंगठा होता. पायाचा.

ट्यँहा!

"बाळा रे बाळा, हस ना. तू हसशील तर आत्या उठेल. आत्या उठेल तर सळई ढोसेल. सळई ढोसेल तर राख सरेल. राख सरेल तर वारा शिरेल. वारा शिरेल तर जाळ पेटेल. जाळ पेटेल तर बंब तापेल. बंब तापेल तर वाफ येईल. वाफ येईल तर नाक उघडेल. नाक उघडेल तर आई सापडेल!"

बाळ म्हणालं, "ट्यँहा! ट्यँहा!"

म्हणजे काय? मोठ्यांना ते कळत नाही. शेंगदाण्याएवढ्यांना कळतं. बाळ म्हणालं, "तेल तापेल तर मी हसेन."

"आत्या, तेल कुठंय?"

"बंबावर ठेवलंय की तापायला."

"तापलं का?"

"कसं तापेल, वेडाबाई? बंब तापेल तर तेल तापेल!"

"बरं," ठमी म्हणाली. आणि तिनं सगळं पहिल्यापासून नीट लावून पाहिलं.

"बंब तापेल तर तेल तापेल. तेल तापेल तर बाळ हसेल. बाळ हसेल तर आत्या उठेल. आत्या उठेल तर सळई ढोसेल. सळई ढोसेल तर राख सरेल. राख सरेल तर वारा शिरेल. वारा शिरेल तर जाळ पेटेल. जाळ पेटेल तर बंब तापेल. बंब तापेल तर तेल तापेल. तेल तापेल तर बाळ हसेल. बाळ हसेल तर आत्या उठेल..."

अरे अरे! हे संपतच नाही!

"मग आधी कोण?" ठमीनं विचारलं.

"आधी बंब," आत्या म्हणाली. "नाही, आधी बाळ. नाही गं, आधी तेल. थांब हं, मी पुन्हा सांगते..." आणि आत्याही गोंधळली.

"मालन, पाणी तापलं का गं?"

"थांब रे अण्णा! आधी कोण, तेच कळत नाहीये!"

ठमी तर इतकी गोंधळली, इतकी गोंधळली, की गोल गोल फिरायला लागली. गरगर गरगर गरगर! फिरता फिरता समोर एक शेपूट दिसलं. बारीक. छोटंसं. चिचुंद्रीचंच! या वेळी अगदी खरं!

"दादा!" ठमीनं कपकन धरलं.

चिक्!

ते तिचंच शेपूट होतं.

ठमी कोलमडली. अंगावरची राख उडाली. राख नाकात गेली.

आ... आ... आ...

आक्छी!

काय ती शिंक! अंगणातली वाळलेली पानं उडाली. आत्याचा पदर उडाला. शेजारच्या गावात एका आजोबांची टोपी उडाली म्हणतात. आणि ठमी स्वतःही उडाली. हवेत एक कोलांटी, दोन कोलांट्या, आणि बद्दकन पडली बाळाच्या डोक्यावर! बाळाच्या जावळात पांढरी पांढरी बसली. कानटोपीच्या गोंड्यासारखी.

बाळ गप्प झालं.

बाळानं डोळे वर केले. गोंडा हलला. गोंडा म्हणाला, "चिक्?"

खुद्क!

खुदूक खुदूक! खदखद खदखद!

बाळ हसलं! बाळ हसलं, तशी आत्या उठली. "घे रे अण्णा याला!" म्हणाली आणि बाळ बाबांच्या पंच्याच्या टोकात गुंडाळलं. आत्या उठली, तशी सळई उचलली. सळईनं ढोसलं, ढुस् ढुस्! राख सरली, भुस्स! वारा शिरला, सूं सूं! जाळ पेटला, भक्क! बंब तापला, गुणगुण गुण... आणि झाकणाच्या फटीतून वाफ आली. अगदी इवलीशी. करंगळीएवढी.

ठमीनं नाक पुढे केलं.

सुर्र... सुर्र... फट्!

एक नाकपुडी उघडली!

म्हणून वाचणाऱ्यानं आता एक नाकपुडी सोडावी. एकच! दुसरी धरून ठेवा. घाई करू नका.

कारण काय झालं?

भक्क... भक्क... फुस्स!

बंब पुन्हा विझला!

"आता काय झालं?" आत्या म्हणाली.

"मी ढोसलं," सळई म्हणाली. "मी सरले," राख म्हणाली. "मी शिरलो," वारा म्हणाला. "मी पेटलो," निखारा म्हणाला. "पण पुन्हा गुदमरलो."

"खुदूक," बाळ म्हणालं. म्हणजे, मी हसलो.

सगळ्यांनी सगळं केलं. तरी फुस्स!

"पाणी संपलं असेल," बाबा म्हणाले. झाकण उघडून पाहिलं. पाणी काठोकाठ.

"लाकूड ओलं असेल," आत्या म्हणाली. वाळलेलं घातलं. कडकडीत वाळलेलं. भक्क... भक्क... फुस्स!

"मग नजर लागली असेल गं बंबाला," बाबा म्हणाले.

"बंबाला कोण लावतंय नजर? तूच बघत बसलायस सकाळपासून!"

"उंम् उंम् उंम्!" बंब म्हणाला. पण तिकडे कुणाचं लक्ष आहे?

धूर दाटला. कुणाला काही दिसेना. आत्या खोकली. बाबा खोकले. डोळे चोळले, तर आणखी झोंबले.

ठमीला मात्र डोळ्यांचं काय? तिला एरवीही फारसं दिसत नव्हतं. तिनं एक नाकपुडी वर केली. सुर्र.

धुराचा वास आला. तो खालून.

राखेचा वास आला. तोही खालून.

आणि वरून? अगदी वरून?

"खोबरं!" ठमी म्हणाली. "वर खोबरेल आहे! वर! वर!"

ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. नाक थेट वर. थरथर थरथर.

बाबांनी खाली पाहिलं. ठमीच्या नाकाकडे पाहिलं. नाक जिकडे होतं, तिकडे पाहिलं. मान वर, आणखी वर, आणखी वर...

"मालन! ही वाटी कुणी ठेवली बंबाच्या तोंडावर?"

बंबाच्या तोंडावर तेलाची वाटी! पितळेची. अगदी घट्ट, झाकण घातल्यासारखी!

"अगोबाई!" आत्यानं गालावर हात ठेवला. "मीच की रे! रोज बंबाच्या खांद्यावर ठेवते. आज बाळ रडत होतं. घाईत ठेवली ती तोंडावरच!"

"आणि सकाळपासून म्हणतेस, मेला विझतोय!"

"आणि तू? पंचा गुंडाळून नुसता ओरडतोयस. मान वर केलीस का एकदा तरी?"

आत्यानं फडकं घेतलं. हळूच वाटी उचलली.

"हुश्श्श!"

हा बंबाचा आवाज. स्वच्छ. मोकळा. खणखणीत!

"सकाळपासून सांगतोय, तोंडावर वाटी आहे, तोंडावर वाटी आहे! पण तोंडावर वाटी असताना माणसानं बोलायचं कसं?"

बंब स्वतःला माणूस म्हणाला, पण कुणी हसलं नाही. सगळ्यांना वाईट वाटलं.

वाटी गेली. धूर निघाला. सरळ वर, आढ्याच्या भोकातून थेट आभाळात. खालून वारा शिरला, सूं सूं! जाळ पेटला, भक्क! आणि पेटलेलाच राहिला. फुस्स नाही. अजिबात नाही. बंब तापला. गुणगुण गुणगुण! पाणी खळखळलं. आणि वाफ आली. करंगळीएवढी नाही. ढगाएवढी! गोधडीएवढी!

ठमी वाफेत बसली.

सुर्र... सुर्र... फट्!

दुसरी नाकपुडी उघडली!

सोडा! सोडा नाक! हुश्श.

ठमीनं नाक भरून श्वास घेतला. बाळाचा वास आला, दुधाचा. आत्याचा वास आला, शिकेकाईचा. बाबांचा वास आला. तो न्हायच्या आधीचा होता, त्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि मग, लाकडांच्या ढिगाआडून, आणखी एक वास आला.

उग्र. खवट. तिखट. आत्यानं नाक मुरडलं. बाबांनी नाक दाबलं.

ठमीनं डोळे मिटले. तिच्यासाठी तो जगातला सगळ्यात छान वास होता.

"आई!"

तुरूतुरू चिक्! तुरूतुरू चिक्! नाकात सुर्र नाही, काही नाही!

लाकडांच्या आड आई होती. ताई होती. दादा होता. पण ते चालले होते कसे? गोल गोल! आईनं धुरात ठमीला शोधलं होतं. रांगेच्या शेवटी जाऊन एक शेपूट घट्ट पकडलं होतं. तिला वाटलं, सापडली ठमी. पण ते शेपूट दादाचं! तेव्हापासून रांगेला ना सुरुवात, ना शेवट. आईच्या मागे ताई, ताईच्या मागे दादा, दादाच्या मागे पुन्हा आई. गरगर गरगर गरगर!

"आई, ते दादाचं शेपूट! मी इथे आहे!"

आई थबकली. ताई आईवर आपटली. दादा ताईवर आपटला. आईनं तोंडातलं शेपूट सोडलं. वास घेतला. सुर्र.

"ठमे! माझी ठमे!"

आईनं ठमीला चाटलं. डोक्यापासून शेपटापर्यंत चाटलं. राख गेली. ठमी पुन्हा शेंगदाण्याच्या रंगाची झाली.

"माझं शेपूट का सोडलंस गं?" दादा म्हणाला.

"शिंक आली."

"मग आता शिंक आली तर?"

ठमीनं विचार केला. "नाकानं शिंकेन. तोंड उघडणार नाही."

आत्यानं तेलाची वाटी बघितली. तेल कोमट झालं होतं. पहिलं बोट बुडवलं आणि खाली वाकली. "इकडे ये गं, पिठातल्या मुंगे," म्हणाली. आणि ठमीच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब लावला. मग बाळाला चोळलं. मग बाळाला ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. बाळ न्हायलं आणि आत्याच्या पायांवरच झोपलं.

"मालन," बाबा म्हणाले, "पाणी उरलं का गं?"

उरलं होतं. एक बादली. पण वाफ परसात पसरली होती ना? ती कुंपणापर्यंत गेली. कोंबड्याच्या चोचीपर्यंत गेली. आणि चोचीतलं 'कू' वितळलं.

"कू!"

इतक्या जोरात, की बाबा दचकले. धाड्! बादली आडवी. पाणी गेलं अंगणात.

त्या दिवशी बाबांनी अंघोळ केली का? ते मी सांगणार नाही. चिचुंद्र्यांना विचारा. त्यांना वासावरून बरोब्बर कळलं असेल.

आणि चिचुंद्र्या? त्या बंबाजवळ शेकल्या. मग रांगेनं घरी निघाल्या. पुढे आई. आईचं शेपूट ताईच्या तोंडात. ताईचं शेपूट दादाच्या तोंडात. दादाचं शेपूट...

कप्!

...ठमीच्या तोंडात.

तुरूतुरू चिक्, तुरूतुरू चिक्,
वाटी उतरली, बंब ठीक,
नाक उघडलं, आई जवळ,
गोष्ट झाली ऊन ऊन, पांघरूण ओढा लगोलग!